पिकअपचं सस्पेन्शन बदललंय, आता हाइट कशी सेट करायची?

नवीन सस्पेन्शन टाकून गाडी घरी आणली, कंपाउंडच्या भिंतीला लागून उभी केली आणि समोरून बघितलं तर मागे विटांच्या थराची रेघ सरळ चाललीय आणि बॉनेटची कड मात्र ड्रायव्हर साइडला उतरलेली. त्यात येताना प्रत्येक स्पीडब्रेकर उतरताना पुढून ठक असा आवाज. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला बसेल ती हळूहळू, मग आठवड्याने परत नेली तर त्याने अंदाजाने एक पॅकर (स्प्रिंगच्या वर उंचीसाठी बसवायची जाड चकती) टाकला आणि गाडी दुसऱ्या बाजूला वाकडी झाली. अशा तीन फेऱ्या, तीन वेळा अलाइनमेंटचे पैसे, आणि नंतर मी स्वतः टेप घेऊन बसलो तेव्हा कळलं की मुळात कोणी नीट मोजलंच नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

माझी गाडी इसुझु व्ही-क्रॉस, निफाडकडे शेती, म्हणजे रोजची ने-आण, हंगामात द्राक्षाचे क्रेट आणि वर्षातून एक-दोनदा लांबची ट्रिप. व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ ला आली, टोयोटा हायलक्स २०२२ ला, आणि दोन्हींची मांडणी एकच, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. त्यामुळे खालचं दोन्हींना लागू होतं. तुमच्या जुन्या पिकअपला पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब दांडी) असेल तर पायरी ६ मध्ये त्याचं वेगळं लिहिलंय.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या. हाइट ही रिकामी गाडी फोटोत कशी दिसते त्यासाठी सेट करायची नसते, तुम्ही रोज जेवढं वजन घेऊन फिरता त्या वजनावर सेट करायची असते. पिकअप कंपनीतून येतानाच मागून थोडी उचललेली असते, कारण हौद्यात माल पडला की ती सपाट व्हावी. बरेच जण पुढून उचलून रिकामी गाडी सपाट करतात, मग माल भरला की मागून बसते, नाक वर जातं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

कागद आणि सामान

कागदांचं थोडक्यात सांगतो, पण हे टाळू नका.

- आरसी. त्यावर रिकामं वजन आणि एकूण वजन लिहिलेलं असतं, ते पुढे लागणार आहे.
- इन्शुरन्स पॉलिसी. बदल कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.
- किटचं बिल आणि आत आलेला फिटिंगचा कागद. स्प्रिंगचे नंबर त्यावर असतात, हा कागद गॅरेजमध्ये हमखास हरवतो म्हणून आधीच फोटो काढा.
- अलाइनमेंटच्या प्रिंट, आधीची आणि नंतरची.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेले तपशील बदलतील असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून किट विकत घ्यायच्या आधीच आरटीओत विचारून घ्या, वॉरंटी चालू असेल तर शोरूमलाही विचारा.

सामान फार नाही. मिलिमीटरवाला टेप, मास्किंग टेप, मार्कर, वही, ट्रॉली जॅक, दोन भक्कम जॅक स्टँड, चाकाला लावायला लाकडी ठोकळे, टॉर्क रेंच, हवेचा गेज, वायर ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, आणि कॉइलओव्हर (शॉकअपवरच बसवलेली स्प्रिंग, जी कॉलर नावाच्या थ्रेडवाल्या रिंगने वर-खाली करता येते) असेल तर किटसोबत आलेला कॉलरचा पाना. शिवाय गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप, तो कशाला ते पुढे येतंच.

१. गाडी गॅरेजला द्यायच्या आधी चार आकडे लिहा

चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर, हे चारही चाकांचं लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची हवा कमी-जास्त असेल किंवा टायर बदलला तर तो आकडा बदलतो, मध्यबिंदूपासूनचा बदलत नाही. मडगार्डवर मोजायची जागा मास्किंग टेपने खूण करून ठेवा म्हणजे दरवेळी तिथेच मोजाल.

जुने आकडे नसतील तर नंतर भांडताही येत नाही, गाडी आधीपासून वाकडी होती की नंतर झाली हे सांगणार कसं? माझी मूळचीच एका बाजूला ५ मिमी खाली होती हे मला फार उशिरा, दुसऱ्या एका व्ही-क्रॉसवर मोजून बघितल्यावर लक्षात आलं. थोडा फरक कंपनीतूनच असतो, ५-६ मिमीसाठी जीव काढू नका.

त्याच दिवशी संध्याकाळी गाडी भिंतीसमोर २५ फुटांवर उभी करून लो बीमची वरची कड भिंतीवर कुठे पडते तिथे खडूने रेघ मारून ठेवा आणि ती रेघ जमिनीपासून किती उंच आहे, बल्बपासून किती खाली आहे ते वहीत लिहा.

२. वजनकाट्यावर जा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात उपयोगाचं हेच आहे. आमच्याकडे पिंपळगाव, लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरसाठी जागोजागी वजनकाटे आहेत, तुमच्याकडे साखर कारखान्याजवळ नाहीतर मार्केट यार्डाजवळ असतील. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पावती घ्या. म्हणजे पुढच्या ॲक्सलवर किती आणि मागच्यावर किती ते कळलं.

स्प्रिंग वजनाच्या हिशोबाने येतात. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन अशा ऑस्ट्रेलियन कंपन्यांच्या यादीत एकाच गाडीला तीन-तीन प्रकारच्या स्प्रिंग असतात, बंपर नसलेल्या गाडीला वेगळी, लोखंडी बंपरवाल्याला वेगळी, बंपर अधिक विंचवाल्याला (विंच म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं मोटरवालं रहाट) वेगळी. बंपरचेच ५०-६० किलो, विंचचे आणखी ३०-४०. दुकानदार जड स्प्रिंग गळ्यात मारतो कारण ती स्टॉकमध्ये असते, मग रिकामी गाडी वर जाऊन बसते आणि दगडासारखी चालते. आणि हाइट सेट करून चुकीची स्प्रिंग बरोबर होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. म्हणून पावती दाखवूनच स्प्रिंग मागा.

३. पहिले ५०० किलोमीटर हाइटला हात लावू नका

नवीन कॉइल आणि नवीन पाटे बसायला वेळ घेतात. मी ५०० किलोमीटर थांबा म्हणतो, हजार झाले तर उत्तमच, आणि नुसता हायवे नको, खराब रस्ता, थोडा माल, सगळं व्हायला हवं. या काळात हाइट दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. माझी पुढून आधी झटक्यात उतरली, मग आकडे थांबले. थांबले की समजा आता सेटिंगची वेळ झाली.

थांबायचं फक्त हाइटसाठी. गाडी भरकटत असेल, काही घासत असेल, बोल्टजवळून आवाज असेल तर लगेच परत न्या. आणि तात्पुरती अलाइनमेंट फिटिंगच्या दिवशीच करून घ्या, टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडलेला असेल तर टायर लवकर खातो.

४. मोजायची पद्धत

माझ्या तीनही फेऱ्या वाया गेल्या त्या इथे. गॅरेजमध्ये गाडी जॅकवरून खाली घेतली आणि तिथल्या तिथे टेप लावला. चाकं लटकून खाली आली की टायर आतल्या बाजूला ओढलेले असतात, जमिनीला टेकल्यावर रबर घट्ट धरून ठेवतं, बाहेर सरकत नाही, त्यामुळे गाडी खरी असते त्यापेक्षा उंच दिसते. माझ्याकडे हा फरक २० मिमीच्या वर निघाला.

म्हणून दरवेळी हेच करा. चारही टायरमध्ये दरवाज्याच्या स्टिकरवर लिहिलेली हवा, डिझेल अर्धी टाकी (व्ही-क्रॉसची टाकी ७६ लिटरची, फुल भरली की साठ-पासष्ट किलो, आणि तेही चेसिसच्या एका बाजूला), गाडीत रोजचं सामान. गाडी पाच-सहा मीटर पुढे, पाच-सहा मीटर मागे, मग बंपरवर उभं राहून तीन-चार वेळा दाबून सोडा, पुढून आणि मागून. हँडब्रेक न लावता, गिअरमध्ये न ठेवता, चाकाला ठोकळे लावून मोजा. स्टिअरिंग सरळ.

जमीन सपाट हवी, आणि डोळ्याला सपाट दिसणारी फरशी सपाट नसते, पाणी जायला उतार दिलेला असतो. इथे गवंड्याचा लेव्हल पाइप. पाण्याने भरा, बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक एका चाकापाशी, दुसरं दुसऱ्या चाकापाशी, दोन्हीकडे पाण्याची पातळी जमिनीपासून किती वर ते मोजा. माझ्या पोर्चला डावी-उजवीकडे तब्बल १८ मिमीचा उतार निघाला! मग शेडमध्ये पत्र्याचे तुकडे ठेवून चार जागा एका लेव्हलला केल्या आणि रंगाने खुणा करून ठेवल्या, आता दरवेळी गाडी तिथेच उभी करतो.

दोन वेळा मोजा, एकदा रोजच्या वजनावर आणि एकदा माल भरून. मालासाठी पाण्याचा २०० लिटरचा ड्रम सगळ्यात सोयीचा, भरला की पाण्याचेच २०० किलो. पण आरसीवरच्या एकूण वजनात बसतंय ना ते आधी बघा, प्रायव्हेट पासिंगच्या पिकअपला मालाची मुभा लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते.

५. वाकडेपणा पुढचा की मागचा ते ओळखा

पुढून गाडी ड्रायव्हर साइडला झुकली म्हणजे पुढची स्प्रिंगच दोषी असं नाही. मागचा एका बाजूचा पाटा बसलेला असेल तर सगळी बॉडी तिरपी होते आणि पुढेही दिसते.

ओळखायची सोपी युक्ती आहे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा (हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, मागची उचलल्यावर त्याचा उपयोग शून्य), मग मागच्या ॲक्सलच्या मधोमध, डिफरेन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावून मागची दोन्ही चाकं जेमतेम जमिनीवरून सुटतील एवढंच उचला. आता मागचा भाग एकाच बिंदूवर आहे. पुढची हाइट परत मोजा. फरक गेला तर दोष मागच्या पाट्यांत, तसाच राहिला तर पुढे. हे करताना गाडीखाली हात-पाय-डोकं काहीही घालायचं नाही, मोजणारा बाजूला उभा राहून मोजतो.

६. पुढची हाइट

आता गणित, आणि इथेच पॅकरची गडबड होते. कॉइल आणि शॉकअप खालच्या आर्मच्या टोकाला नसतात, मध्ये कुठेतरी असतात. म्हणून वर १० मिमीचा पॅकर टाकला तर चाकापाशी गाडी १० नाही, जवळजवळ १८-२० मिमी उचलली जाते. साधारण दीडपट ते दुप्पट धरा. माझी ड्रायव्हर साइड १४ मिमी खाली होती, गॅरेजवाल्याने १५ चा पॅकर टाकला, झाली दुसरीकडे वाकडी. लागत होता ७ च्या आसपास.

कॉइलओव्हर असेल तर बाहेरून कॉलर फिरवता येतो. पुढचा भाग उचलून जॅक स्टँडवर चेसिस टेकवा, चाक काढा, थ्रेड वायर ब्रशने स्वच्छ करा, स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा. मातीसकट कॉलर फिरवला तर थ्रेड जातो आणि मग पूर्ण शॉकअप बदलावा लागतो. लॉकचा स्क्रू आधी सैल करायला विसरू नका. कॉलरवर मार्करने रेघ मारून किती फेरे फिरवले ते मोजा आणि लिहा. एका फेऱ्यात कॉलर किती मिलिमीटर सरकतो ते टेपने बघा, बाकी वरचंच गणित. अँटी-रोल बारची (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांडीची) एका बाजूची लिंक सोडून ठेवा, नाहीतर तो दुसऱ्या बाजूला ओढत राहतो, सगळं झालं की चाकं जमिनीवर असताना परत लावा.

पॅकर असेल तर ते घरचं काम नाही. वरच्या मधल्या नटाला हात लावू नका, आत दाबलेली स्प्रिंग असते, सुटली तर माणूस मरतो. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच करा.

अजून एक गैरसमज, कॉलर वर घेतला की स्प्रिंग कडक होते. होत नाही. गाडी वर जाते आणि शॉकअपची खाली उघडायची जागा कमी होते. स्पीडब्रेकरवरून उतरताना माझ्या गाडीत जो ठक आवाज यायचा तो हाच, शॉकअप पूर्ण उघडून शेवटाला आदळत होता. दोन्ही बाजू थोड्या खाली घेतल्या, आवाज गेला. पुढून ४०-५० मिमीच्या वर उचलायची हाव धरू नका, त्यापुढे सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकांना इंजिनची ताकद पोचवणाऱ्या वळत्या सांध्याचा) कोन, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, सगळंच ताणलं जातं आणि मग वरचे आर्मही बदलायचा खर्च येतो.

टॉर्शन बारवाल्यांनी बारच्या टोकाचा ॲडजस्टिंग बोल्ट आधी किती बाहेर आहे ते मोजून लिहावं, चाक उचलून भार कमी केल्यावरच फिरवावा, आणि अर्धा-अर्धा फेरा करत दोन्हीकडे आलटून पालटून जावं.

एक कोपरा उचलला की बाकीचे तीनही हलतात, म्हणून प्रत्येक बदलानंतर पायरी ४ पूर्ण, चारही आकडे. कंटाळा येतो, पण पर्याय नाही. डाव्या-उजव्यात ५ मिमीच्या आत आलं की थांबा.

७. मागची हाइट

- जास्तीचा पाटा टाकणे: उंची आणि ताकद दोन्ही वाढतं, नेहमी माल नेणाऱ्यांना हेच बरं. रिकामी गाडी उडते.
- लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी): शॅकल जेवढी लांब केली त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते, म्हणजे २ इंच लांब शॅकलने १ इंच. डिफरेन्शियलचा कोन बदलतो हे लक्षात ठेवा.
- पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळा: स्वस्त. पण एकावर एक दोन ठोकळे कधीही नाही, आणि जेवढा उंच ठोकळा तेवढा गाडीने वेग घेताना ॲक्सल पिळवटतो.

मागे काहीही केलं की नवीन यू-बोल्ट घ्या, जुने परत वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात. चारही नट तिरप्या क्रमाने, थोडे-थोडे, टॉर्क रेंचने, आकडा मॅन्युअलमधला. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बरोबर बसलंय ना ते स्वतः बॅटरी मारून बघा, तिथे अर्धा सूत जरी हललं तरी ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

जागेवरून उचलताना खालून थरथर येत असेल तर ती प्रोपेलर शाफ्टची, मधल्या बेअरिंगखाली स्पेसर लागेल. आणि काही पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला एक दांडी जोडलेली असते, मागे किती माल आहे हे ती व्हॉल्व्हला सांगते. मागून गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. कसारा घाट भरल्या गाडीने उतरताना हे कळलं तर उशीर झालेला असतो. खाली वाकून बघा, दांडी असेल तर तिचा ब्रॅकेट वाढलेल्या उंचीप्रमाणे सेट करून घ्या.

८. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळा

आर्मचे, पाट्याच्या डोळ्याचे, शॅकलचे, सगळे बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट. रबरी बुश बोल्ट आवळला त्या स्थितीत पकडला जातो. चाक लटकत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, हाइट खोटी वर दिसते, दोन-चार महिन्यांत बुश फाटतो आणि कुरकुर सुरू. माझ्या गाडीचे सगळे हवेतच आवळले होते. मी चाकं जमिनीवर ठेवून, रोजच्या वजनावर, एकेक सैल केला तेव्हा एका बोल्टवर बुश फिरताना टक्क असा आवाज आला आणि तो कोपरा डोळ्यादेखत ६ मिमी खाली बसला. म्हणजे आधीचं मोजमाप पुन्हा चुकलेलं. हे काम हाइट सेट करायच्या आधी एकदा करा आणि सेट झाल्यावर परत एकदा.

९. चाक लटकवून बघा काय ताणलं जातंय

एकेक कोपरा स्टँडवर घेऊन चाक पूर्ण लटकू द्या आणि स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत. ब्रेकचा होज ताणला जातोय का, एबीएसची वायर, वरचा आर्म स्प्रिंगला टेकतोय का, सीव्हीचं बूट चिरतंय का. होज सरळ दोरीसारखा झाला असेल तर तो लांब घ्यावाच लागेल.

१०. अलाइनमेंट आणि हेडलाइट

उचललेल्या गाडीचा कॅस्टर (बाजूने बघितलं तर चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो, मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि हायवेला गाडी भरकटते. बरीच दुकानं फक्त टो करून देतात. तुम्ही कॅम्बर (समोरून बघितलं तर चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर, टो तिन्ही सांगा, प्रिंट मागा, आणि बसायचं वजन सीटवर ठेवून करायला लावा. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीला स्टिअरिंग सेन्सरही स्कॅनरने शून्यावर आणून घ्या.

मग रात्री भिंतीवरची ती रेघ. गाडी २५ फुटांवर, हेडलाइट आधी बल्बपासून जेवढा खाली पडत होता तेवढाच आता पडायला हवा, आणि हे माल भरूनही तपासा.

यानंतर ५०० किलोमीटरला यू-बोल्ट आणि कॉलरचे लॉक परत टॉर्कने तपासा. माझ्या एका यू-बोल्टने दुसऱ्या वेळी जवळपास अर्धा फेरा घेतला होता. मोजमापाची वही ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा, आणि द्राक्षाचा हंगाम संपला की मी चारही कोपरे पुन्हा मोजतो, या वर्षी मागे डावीकडे ४ मिमी उतरलीय, अजून हात लावलेला नाही.